ओव्हरहॉलिंग

बटण दाबलं की
आधण ठेवायचं, चहा गाळायचा, बशीत ओतून प्यायचा,
कप विसळून पालथा घालायचा,
तेव्हा कुठे पडद्यावर ते हिरवं माळरान उगवायचं.
आणि त्यावरचा बाण
डबक्यात बसलेल्या म्हशीसारखा
जागचा हलायचा नाही.

"उठून नही राह्यला का अजून तो?"
गच्चीवरून प्रमिला ओरडायची.
तेवढ्यात तिचे बिबडे एका बाजूने वाळून व्हायचे.

समोरचा लोकेश फेगडे म्हणाला,
काका, फेकून द्या ना भो, नवा घ्या.
मी चौतीस वर्षं भुसावळच्या यार्डात काढली.
वाघीण बिघडली म्हणून कुणी तापीत लोटली नाही.
खडूनं तिच्या अंगावर 'सिक' लिहायचं,
बाजूच्या लाइनीत नेऊन उभी करायची,
मग माणूस पाठवायचा, हातोडी पाठवायची.

हातोडीच्या जागी
वायरमन तायडेच्या पोरीनं पेनड्राइव्ह दिला.
साफसफाईचं सॉफ्टवेअर.
त्यानं तीन मिनिटांत सांगितलं:
एक हजार दोनशे शहाऐंशी दोष.
मी चष्मा पुसला.
शेडमधल्या फिटरनं एका इंजिनात एवढे काढले असते
तर आधी त्याचेच डोळे तपासायला पाठवले असते.
खाली बारीक अक्षरात:
सगळे दुरुस्त करायचे तर पैसे भरा.
असं होय.
फुकटात होतं तेवढं तू कर म्हटलं, बाकीचं मी बघतो.

सुरू होतानाच चढणाऱ्यांची यादी निघाली. सतरा जण.
प्रिंटर भंगारात जाऊन तीन वर्षं झाली,
त्याचा माणूस अजून रोज ड्युटीवर.
एक हवामान सांगणारा
(सेहेचाळीस डिग्री, हे मला कुणी सांगायला पाहिजे?)
नातवाचे दोन खेळ,
तो पुण्याला गेला तरी हे जागा धरून.
बारा जणांना उतरवलं.
एकाचं नावच कळेना, त्याला राहू दिलं.
ओळख नसलेल्या डब्याला धक्का देऊ नये.

मागचं झाकण उघडलं.
कूलरच्या वाळ्याच्या काड्या,
दीपनगरची राख असेल थोडी,
आणि पंख्यापाशी पालीच्या अंड्यांची दोन टरफलं.
कुणीतरी वाऱ्याला येऊन गेलं होतं.

रात्री विस्कटलेल्या फाइली जुळवायला लावल्या.
चौकोनच चौकोन, लाल, निळे, पांढरे.
एक उचलायचा, लांब नेऊन दुसऱ्याला जोडायचा.
मी ताठ बसलो.
अरे, हे तर शंटिंग!
इटारसीचं इटारसीला, नागपूरचं नागपूरला,
रिकामे सगळे शेवटाला,
पठ्ठ्या एकटा रेक लावतोय,
ना कंदील, ना शिटी.
"दमानं घे," असं मी म्हणालो वाटतं.
प्रमिला कूस बदलून,
"कोणाशी बोलू राह्यले?"

एकाहत्तर टक्क्यांवर लाइट गेली.
अंधारात लांब, खऱ्या यार्डात
बफरवर बफर आदळला,
मग त्याच्यामागचा, मग त्याच्यामागचा,
आवाज पार ब्रेकव्हॅनपर्यंत जात राहिला.
मी मोजले. अठ्ठावन्न.

दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून.

आता आधणाला उकळी फुटायच्या आत माळरान हजर.
लोकेशला दाखवलं तर हसेल, एवढाच फरक.
मी माळ्यावरचा पांढरा रंग काढला
आणि बारीक ब्रशनं, वाघिणीवर लिहितात तसं,
कॉम्प्युटरच्या कुशीवर लिहिलं:
भुसावळ. १४ मे. पुढची तारीख १४ नोव्हेंबर.

प्रमिला बिबड्यांची चळत घेऊन जिना उतरली,
एकेक पायरी, कठड्याला धरून.
वाचलं. गुडघा दाबत खाली बसली.
"रंग उरला असंन," म्हणाली,
"तर माह्याबी पाठीवर टाका एखांदी तारीख."

फ्रीजवर, चुंबकाखाली,
फेब्रुवारीपासून
तिच्या एक्सरेची चिठ्ठी.